अंतराळाचं तापमान म्हणजे नक्की कशाचं?

प्रश्न असा आलाय की एके ठिकाणी 'अंतराळाचं तापमान उणे २७० अंश' असं वाचलं, दुसरीकडे 'अंतराळ स्थानक फिरतं तिथे तापमान हजार अंशांच्या वर जातं' असं वाचलं, तर यातलं चूक कुठलं आणि मुळात रिकाम्या जागेला तापमान हा शब्द चालतो का.

चूक दोन्ही नाहीत, घोळ त्या 'चं' मधे आहे. तापमान नेहमी कशाचं तरी असतं. आपण 'आज तापमान ४० आहे' म्हणतो तेव्हा त्यातला 'हवेचं' हा शब्द गिळलेला असतो, कारण हवा आपण गृहीतच धरलेली असते. अंतराळात ती सोय नाही, तिथे गिळलेला शब्द परत बाहेर काढून सांगावा लागतो आणि बातमी लिहिणारे तेवढंच विसरतात.

उणे २७० हे प्रारणाचं (म्हणजे रेडिएशनचं) तापमान. महास्फोटानंतर उरलेलं मंद प्रारण विश्वात सगळीकडे भरलंय, पेन्झियस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांनी ते सापडल्याचं १९६५ साली जाहीर केलं, आणि ते साधारण २.७ केल्विनचं आहे, म्हणजेच उणे २७० अंश सेल्सिअसचं (केल्विनमधे शून्य धरतात ते उणे २७३ सेल्सिअसला). ताऱ्यांपासून फार फार लांब एखादा दगड सोडून दिला तर तो निवत निवत शेवटी तिथवर येईल. हजार अंश मात्र वायूच्या कणांचे. स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं, तिथे अगदी विरळ का होईना पण वातावरण आहे, सूर्याचे अतिनील किरण शोषून ते कण सुसाट पळत असतात, आणि तापमान म्हणजे कण सरासरी किती जोरात पळतात त्याचं माप, ते किती आहेत याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही!! वेल्डिंगची ठिणगी हजार अंशांच्या वर असते तरी हातावर उडाली तर बारीकसा चटका देऊन विझते, आणि पाणी उकळतं शंभरलाच पण अंगावर सांडलं तर कातडी सोलवटून निघते. ठिणगीत तापमान जास्त, उष्णता कमी.

म्हणूनच जुन्या मराठी पुस्तकांत दिसतो तो 'उष्णतामान' हा शब्द मला खटकतो, त्यातून उष्णता किती आहे त्याचं मान असा अर्थ निघतो आणि तो नेमका चुकीचा. 'तापमान' टिकला ते बरं झालं (आता 'ताप' म्हटलं की आधी डोकेदुखी आठवते ते सोडा).

'अंतराळातली कडाक्याची थंडी' हाही असाच प्रयोग. थंडी वाजते ती कुणाला तरी वाजते, अंगातली उष्णता भराभर कुणीतरी ओढून नेली की. निर्वातात ओढून न्यायला कोणी नाहीच, वहन (स्पर्शातून उष्णता जाणं) नाही, अभिसरण (हवेबरोबर किंवा पाण्याबरोबर वाहून जाणं) नाही, फक्त प्रारण, आणि ते हळू. थर्मासमधलं पाणी गरम राहतं ते याच तत्त्वावर. उलट अंतराळवीर बाहेर काम करतात तेव्हा अंगातली उष्णता सूटमधे कोंडून राहते, म्हणून त्यांना आत गार पाण्याच्या बारीक नळ्या विणलेला पोशाख घालावा लागतो. म्हणजे कडाक्याची थंडी म्हणायची आणि माणूस आत उकडून निघतोय.

वेब या अंतराळातल्या दुर्बिणीचं उदाहरण तर फारच छान आहे. तिला ऊन लागू नये म्हणून लावलेल्या पाच पदरी पडद्याची सूर्याकडची बाजू पाण्याला उकळी येईल की काय इतकी तापते आणि पलीकडची उणे २३० च्या आसपास. जागा एकच, आता सांगा 'तिथलं' तापमान किती?

त्यामुळे लिहिताना नाम लिहा: प्रारणाचं, वायूचं, यानाच्या पृष्ठभागाचं. नुसतं 'अंतराळाचं' लिहायचंच असेल तर निदान वाचणाऱ्याला ते प्रारणाचं आहे हे आधी एकदा सांगून टाका.

आणि जाता जाता, '२.७ अंश केल्विन' लिहू नका, केल्विनच्या मागचा अंश १९६७ सालीच काढून टाकलाय.