ईटीपी (कारखान्याचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) दुरुस्तीला असताना सांडपाणी बायपास करून थेट चॅनलमध्ये (कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहून नेणाऱ्या कालव्यात) सोडता येतं का? (बडोदा)

नाही. दोन दिवसांसाठीसुद्धा नाही. जल कायदा, 1974 च्या कलम 24 मध्ये मानकांबाहेरचं पाणी नाल्यात, नदीत किंवा जमिनीवर सोडायला बंदी आहे, आणि तुमची जीपीसीबीची (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची) संमती प्रक्रिया केलेल्या पाण्यापुरतीच असते. ईटीपीच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बिघडला ही सबब त्यात बसत नाही. 2017 साली सुप्रीम कोर्टाने चालू ईटीपीशिवाय कारखाना चालवायचा नाही असं बजावलं. ती याचिका आपल्याच बडोद्याच्या पर्यावरण सुरक्षा समितीची होती.

मग करायचं काय? उत्पादन कमी करा किंवा थांबवा, पाणी होल्डिंग टँकमध्ये साठवा. चुकून बाहेर गेलंच, तर कलम 31 प्रमाणे मंडळाला ताबडतोब कळवा. लपवलंत तर प्रकरण जास्त चिघळतं. कलम 33अ खाली वीज-पाणी तोडायचा आदेश निघू शकतो.

मकरपुऱ्यात मी काम करत असताना इक्वलायझेशन टँकच्या (सांडपाणी आधी एकत्र मिसळायच्या टाकीच्या) मागे एक जुनी चार इंची बायपास लाइन होती, व्हॉल्व्हला गंज चढलेला. वापरात नव्हती, तरी तपासणीत अर्धा तास तिच्यावरच गेला. अशी लाइन असेल तर आजच कापून ब्लाइंड फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) मारा.