घरच्या व्होकल बूथसाठी 3 लाखांचं पर्सनल लोन घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गोव्यात फोंड्याजवळच्या घरात माडीवरच्या खोलीत व्होकल बूथ, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायची बंदिस्त जागा करायचीय, सुताराने आणि साउंडवाल्याने मिळून 3 लाखांचं कोटेशन दिलंय, बँक 14 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी पर्सनल लोन देतेय, तर घ्यावं का. माझं उत्तर: नका घेऊ, निदान असं तरी नकोच.

हप्ता बसतो साधारण 10,250 रुपये, म्हणजे 3 वर्षांत 69 हजार नुसतं व्याज. आता तुमचाच आकडा घ्या, पणजीच्या स्टुडिओचं भाडं महिन्याला 6,000 आणि स्कूटरचं पेट्रोल 1,500, म्हणजे बूथ झाला तरी वाचणार 7,500. उरलेले पावणेतीन हजार दर महिन्याला पगारातून जाणार, आणि भजनांचं काम तर चतुर्थीच्या आधी एकदम येतं आणि मग दोन महिने फोन वाजत नाही असं तुम्हीच लिहिलंय. बँकेला त्याचं काही पडलेलं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. घर अजून आजोबांच्या नावावर, एक-चौदावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) काकांचीही नावं, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेली नाही. अशा घराच्या भिंतीत तुम्ही जिप्सम बोर्ड, रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) आणि जाड दरवाजा ठोकणार, उद्या वाटणीत ती खोली काकांकडे गेली तर काय कराल? माइक आणि इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) उद्या विकले तरी निम्मेशिक पैसे येतात, भिंतीत गेलेल्या पैशाला गिऱ्हाईक नाही. कोटेशनमध्ये 3 लाखातले सव्वादोन लाख भिंतीतच चाललेत, मी पेन्सिलने खुणा करून पाहिलं.

आणि त्यात 40 हजारांचा फोम का लावलाय? फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. आवाज अडवायला लागतं वजन, फटी बंद करणं आणि भिंतीपासून सुटी दुसरी भिंत. तुमच्या वर मंगलोरी कौलं, पाऊस सुरू झाला की फोम काय करणार. ऑडिओबुकवाले नॉइज फ्लोअर, म्हणजे तुम्ही गप्प असताना रेकॉर्डिंगमध्ये येणारा आवाज, मायनस 60 डीबीच्या (डेसिबल) खाली मागतात, पाववाल्या पोदेराचा सकाळचा पों पों एकवेळ थांबेल पण कौलांवरचा पाऊस नाही थांबत. माझ्या मावसभावाने भिंतीला फोम चिकटवला होता, पहिल्याच पावसाळ्यानंतर एक तुकडा सोलला तर मागे काळी बुरशी आणि वास असा की खोलीत उभं राहवेना.

मी काय केलं असतं सांगतो. माइक, इंटरफेस, हेडफोन, पॉप फिल्टर (माइकासमोरची, तोंडाचा फुंकर अडवणारी जाळी) धरून 35 हजार, पीव्हीसी पाइपची चौकट आणि तिच्यावर जाड गोधड्या, रजया, वरून पण एक, हे सगळं 10 हजारात बसतं. साड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर गा, फुकटचं शोषक आहे, हसू नका. माइक मात्र सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आपल्या दमटपणात कंडेन्सर माइक खरखरायला लागतो. एकूण 45 हजार, कोरड्या महिन्यांत 7,500 वाचले तर सहा महिन्यांत वसूल. जून ते सप्टेंबर मुसळधार दिवसांत स्टुडिओचं भाडं द्या, त्यात कमीपणा नाही.

पैसे एफडी न मोडता काढा. तुमची 4 लाखांची एफडी आईच्या आजारपणासाठी आहे, ती राहू दे, ती तारण ठेवून तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (लागेल तशी उचल) घ्या, व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण 1-2 टक्के जास्त आणि वापराल तेवढ्यावरच. पण 45 हजारांच्या वर जाऊ नका, बाकी रक्कम आईची.

वर्षभरात महिन्याला 25 हजारांचं काम सातत्याने आलं तर मग बूथ करा, पण भिंतीत नको, नटबोल्टचा सुटा करा, 4 बाय 6 फुटांचा, उचलून नेता येईल असा. आणि हवेची सोय आधी ठरवा, बंद पेटीत एप्रिलमध्ये पंधरा मिनिटांत घाम गळतो आणि पंखा लावला की तो माइकात येतो. सुताराला हा सुटा बूथ वेगळा कोट करायला सांगा, आणि मला पाठवताना लाकूड, रॉकवूल, दरवाजा, मजुरी अशा ओळी वेगवेगळ्या असूद्यात, एकत्र आकडा नको.