लग्नपत्रिका अख्खी नाजूक सेरिफ अक्षरांत करावी का?

तुम्ही विचारलंय की बहिणीच्या पत्रिकेसाठी कॉरमोरंट हा सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोटे पाय असलेला, इंग्रजी फॉन्ट आवडलाय, तर मराठी-इंग्रजी सगळा मजकूर त्यातच घ्यावा का. तिवसा तालुक्यात माझं छपाईचं दुकान आहे, पत्रिकांचंच काम जास्त, म्हणून लिहितो.

अख्खी नको. नवरा-नवरीच्या इंग्रजी नावांना किंवा आद्याक्षरांना घ्या, तेही मोठ्या आकारात.

कॉरमोरंट ख्रिश्चन थालमन यांनी केला, सोळाव्या शतकातले फ्रेंच अक्षरकार गारामों यांच्या अक्षरांवरून स्फूर्ती घेऊन. तो मुळातच शीर्षकांसाठी आहे. रेघा केसासारख्या, टोकांचे पाय अणकुचीदार, इंग्रजी छोट्या ‘a’ आणि ‘e’ची पोटं, म्हणजे आतली पोकळी, इवलीशी. ४० पॉइंटला हे सगळं इतकं देखणं दिसतं की मी स्वतः बघत बसतो. १० पॉइंटला तीच पोटं शाईनं बुजतात.

त्यात आपल्याकडे तयार कार्ड आणून त्यावर स्क्रीननं छापतात. शाई जाळीतून दाबली जाते. पाव पॉइंटची रेघ संगणकावर दिसते, पण जाळी ती धरत नाही. गडद मरून रंग छापून अक्षरं कोरी सोडली तर उलटंच होतं, शाई दोन्हीकडून आत सरकते आणि बारीक रेघ गिळते. एकदा मीच हौसेनं बारीक रेघांच्या देवनागरीत लग्नस्थळ घेतलं होतं. गाव कुऱ्हा. ‘ऱ्ह’मधली पापणीसारखी रेघ उडाली आणि छापून आलं ‘कुहा’. वधूचे वडील काहीच बोलले नाहीत, नुसते त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. ती सगळी कार्डं मी पदरचे पैसे घालून पुन्हा छापली.

आता मराठीचं. कॉरमोरंटमध्ये देवनागरी नाहीच, तुम्ही टाइप केलं की संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. आणि सेरिफ ही रोमन अक्षरांची गोष्ट. आपल्या अक्षराला शिरोरेषा आहे, जाड-बारीकपणा तिरक्या कापलेल्या बोरूतून आलाय. तो डौल हवा असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन बघा, फुकट मिळतो, देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. जाड भाग चांगलाच जाड आहे, पण सांधे बारीक, म्हणून तोही नावांपुरताच.

कुठलाही फॉन्ट घ्या, आधी ‘ल’ आणि ‘श’ टाइप करून पाहा. हिंदी वळणाचे आले तर फॉन्टमध्ये मराठी रूपं आहेत का ते शोधा. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं, २०२२च्या शासननिर्णयातही तीच आहेत. शीतल, शैलेश अशी नावं असतील तर हे फार डोळ्यांत येतं.

तिथी, मुहूर्त, स्थळ, मामांची नावं मुक्ता या फॉन्टसारख्या सरळ, एकसारख्या जाडीच्या अक्षरात घ्या, १२ पॉइंटच्या खाली नको. सगळी छापायच्या आधी त्याच कार्डावर, त्याच शाईनं एक नमुना काढून मागा आणि संध्याकाळी ओसरीवर आजोबांच्या हातात द्या. चष्म्यातून त्यांनी गावाचं नाव अडखळत वाचलं, तर तेवढी ओळ बदला.