डोळ्याची लाली दोन दिवसांत गेली, मग स्टिरॉइडचे थेंब इतके आठवडे कशासाठी?

आपण विचारले आहे की, डोळ्याच्या आतील दाहासाठी, म्हणजे युव्हिआयटिससाठी, दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या थेंबांनी दोन दिवसांत लाली आणि ठणका गेला असताना ते हळूहळू कमी करत पाच आठवडे का घालायचे, आणि उरलेली बाटली पुढच्या वेळी डोळा लाल झाल्यावर वापरली तर चालेल का. मी नेत्ररोगतज्ज्ञ आहे आणि हे दोन्ही प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावे लागतात. औषध शरीरात नेमके काय करते हे समजले की दोन्हींची उत्तरे मिळतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

शरीरसौष्ठवासाठी घेतली जाणारी स्टिरॉइडे पुरुषी संप्रेरकांच्या जातीची असतात. त्यांचा येथे संबंध नाही. आपले थेंब कॉर्टिसॉलच्या कुळातले आहेत. हे संप्रेरक मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज तयार करतात. त्याचा रेणू चरबीत विरघळणारा असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो, आतल्या रिसेप्टरला, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुके चालू राहतील आणि कोणती मंदावतील हे बदलते. दाह पेटवणारी रसायने बनवण्याचे आदेश त्यामुळे थांबतात. शिवाय पेशींच्या आवरणातून अराकिडोनिक आम्ल सुटण्याची क्रियाही रोखली जाते. याच आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन ही दोन्ही दाहकारक द्रव्ये बनतात. साधी वेदनाशामके त्यांपैकी फक्त प्रोस्टाग्लँडिनची वाट अडवतात, तर स्टिरॉइड उगमाशीच बांध घालते. जनुकांच्या पातळीवरील या बदलांना काही तास लागतात, म्हणून थेंब घातल्याबरोबर आराम पडत नाही.

या औषधाची पहिली थक्क करणारी प्रचीती १९४८ मध्ये आली. अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच कुळातले औषध, दिले आणि काही दिवसांत त्या रुग्णाची हालचाल सुधारली. १९५० मध्ये हेंच आणि या संप्रेरकांवर संशोधन करणारे केंडल व राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यांच्या उपचारांत स्टिरॉइड आले तेही त्याच सुमारास.

डोळ्याला या औषधाची इतकी गरज पडते याचे कारण म्हणजे डोळ्याचे सारे कार्य पारदर्शकतेवर अवलंबून असते. त्वचेवर दाहानंतर राहिलेला व्रण फार तर दिसायला वाईट दिसतो, परंतु तसाच व्रण पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणावर, राहिला तर नजर जाते. आपल्या आजारात बुबुळाचा रंगीत पडदा सुजून मागच्या भिंगाला चिकटू शकतो आणि तो एकदा घट्ट चिकटला की सोडवणे अवघड असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, पारपटलाचे रोपण शरीराने नाकारू नये म्हणून, आणि मधुमेहात दृष्टिपटलाला (डोळ्याच्या मागच्या पडद्याला) आलेल्या सुजेवर डोळ्यात सोडलेल्या सूक्ष्म कांडीच्या (इम्प्लांटच्या) रूपानेही स्टिरॉइड वापरतात.

आता पाच आठवड्यांविषयी. आपल्याला आरशात दिसते ती लाली. मला स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, डोळ्यातील द्रवात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशी दिसतात आणि त्या लालीनंतरही बराच काळ टिकतात. दाह दबला आहे पण विझलेला नाही, अशा अवस्थेत थेंब एकदम बंद केले तर तो उसळून परत येतो, आणि अनेकदा पहिल्यापेक्षा जोराने. म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते.

उरलेल्या बाटलीबाबत मात्र माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. डोळा लाल होण्याचे कारण दर वेळी तेच असेल असे नाही. पुढची लाली हर्पीसच्या विषाणूमुळे किंवा बुरशीमुळे पारपटलावर झालेल्या जखमेची असली, तर स्टिरॉइड शरीराचा प्रतिकारच थोपवते. लाली आणि दुखणे कमी होते, रुग्णाला बरे वाटते, आणि जंतूला मोकळे रान मिळते. दुसरा धोका दाबाचा. डोळ्यातील द्रव ज्या जाळीतून बाहेर झिरपतो ती स्टिरॉइडमुळे तुंबू लागते. सुमारे एक तृतीयांश लोकांत दाब मध्यम प्रमाणात वाढतो आणि ४ ते ६ टक्के लोकांत फार वाढतो, बहुधा काही आठवड्यांच्या वापरानंतर, आणि बहुतेकदा काहीही न दुखता. खाज थांबते म्हणून अनेक महिने स्वतःच थेंब घालत राहिलेली एक तरुण व्यक्ती माझ्याकडे आली तेव्हा काचबिंदूने तिच्या नजरेची कड कायमची गेली होती. ते दुःख मला विसरता येत नाही, कारण दाब वेळेवर मोजला असता तर ते टळले असते. दीर्घ वापराने भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूही होतो. तो निदान शस्त्रक्रियेने काढता येतो.

म्हणून थेंब सांगितल्याप्रमाणे पूर्ण करा, आणि या काळात डोळ्याचा दाब तपासून घ्या. सर्वसाधारणपणे तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. आपल्याला किंवा घरातील कोणाला काचबिंदू असेल, तर ते डॉक्टरांना आताच सांगा. बाटलीवर प्रेडनिसोलोन ॲसिटेट लिहिले असेल तर औषधाचे कण तळाशी बसतात, तेव्हा प्रत्येक वेळी ती नीट हलवून घ्या, नाहीतर डोळ्यात औषधापेक्षा पाणीच जास्त जाते.