प्रदर्शनात ई-रीडर पाहायला जाताना

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं उपकरण, पाहायला प्रदर्शनात पहिल्यांदाच जाताय, तर एक ठरवून जा: स्टॉलवरचा डेमो व्हिडिओ पाहून मत बनवू नका, उपकरण हातात मागा. हातात देत नसतील तर ते अजून तयार नाही असं धरून चाला. २०१० च्या जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात प्लास्टिक लॉजिक या कंपनीने ‘क्यू’ नावाचा मोठ्या पडद्याचा रीडर दाखवला होता. चर्चा भरपूर झाली, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो रद्द झाला आणि बाजारात आलाच नाही. म्हणून ‘लवकरच येत आहे’ या पाटीवर भरवसा ठेवून पैसे अडकवू नका.

रंगीत ई-इंक (ई-रीडरचा कागदासारखा दिसणारा पडदा) पाहून हुरळायला होतं. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यावर काळा-पांढरा मजकूर ३०० पीपीआयने (एका इंचात इतके ठिपके; जास्त तितकं सुबक) दिसतो, रंग मात्र १५० नेच. शिवाय रंगांच्या फिल्टरमुळे पार्श्वभूमी करडी वाटते. तेव्हा उपकरणातला, पडद्यावर उजेड टाकणारा दिवा बंद करायला सांगा आणि मगच पाहा. प्रदर्शनातल्या झगमगाटात हे लपून जातं. कादंबऱ्याच वाचणार असाल तर साधा काळा-पांढरा पडदाच घ्या, असं मी ठामपणे सांगेन.

आपली एक मराठी ईपब फाइल (ई-पुस्तकाचा एक प्रकार) सोबत न्या आणि उघडून दाखवायला सांगा. जोडाक्षरं तुटतात का, ऱ्हस्व वेलांटी जागेवर बसते का, फॉन्ट बदलता येतो का, हे पाहाच.

तिथे टॅब्लेटही पाहणार असाल, तर त्याचं मी थोडक्यात सांगतो: अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा.