नवरात्रातला हिरवट समुद्र आणि उपग्रह

प्रश्न : आमचे गाव दाभोळच्या खाडीजवळ आहे. येथील समुद्र पावसाळ्यात मातकट, नवरात्राच्या सुमारास हिरवट आणि थंडीत निळसर दिसतो. हा बदल उपग्रहावरून मोजता येतो का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : येतो, मात्र खाडीच्या अगदी मुखाशी मिळालेल्या आकड्यावर लगेच विसंबू नये. पाण्यातील वनस्पतिप्लवकांचे (तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते आणि हिरवा फारसा शोषत नाही, म्हणून 443 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा व 555च्या आसपासचा हिरवा प्रकाश यांच्या प्रमाणावरून हरितद्रव्याचा अंदाज बांधतात. भारताने मे 1999 मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-1 या उपग्रहावरील ओशन कलर मॉनिटर हे समुद्राचा रंग मोजणारे उपकरण प्रकाशाच्या अशा 8 पट्ट्यांत मोजणी करी. त्याच्या चित्रातील एक ठिपका सुमारे 360 मीटरचा असे आणि तोच किनारा दर दोन दिवसांनी पुन्हा टिपला जाई.

खरी अडचण किनाऱ्यालगतच येते. उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशातील फार मोठा वाटा समुद्राचा नसून हवेत विखुरलेल्या प्रकाशाचा असतो आणि तो आधी वजा करावा लागतो. खोल समुद्रातील पाणी अवरक्त प्रकाशात जवळजवळ काळे दिसते, या आधारावर ही वजाबाकी केली जाते. तुमच्या खाडीत वाशिष्ठी नदीने आणलेला गाळ मात्र तो प्रकाश परत फेकतो आणि हिशेब चुकतो. त्यात कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात विरघळलेली पिवळसर द्रव्येही निळा प्रकाश शोषतात, त्यामुळे नेहमीचे सूत्र त्यांनाच हरितद्रव्य समजून बसते. मातकट पाण्यासाठी तांबड्या पट्टीवरून गाळ मोजणारी निराळी सूत्रे वापरणे शहाणपणाचे.

दुसरी अडचण ढगांची. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्याजवळ खालचे थंड, पोषक पाणी वर येते (केरळकडे जोमाने, उत्तरेकडे मंद) आणि प्लवक वाढतात; नेमके तेव्हाच आकाश झाकलेले असते. जुलैचे मासिक सरासरी चित्र कधीकधी एखाद-दुसऱ्या निरभ्र दिवसावरच उभे असते, म्हणून ते किती निरीक्षणांतून बनले हे आधी पाहावे. तुम्हाला दिसणारा हिरवटपणा बहुधा याच वाढीचा उरलेला भाग असावा. गाळ खाली बसल्यावर पाण्यात ऊन खोलवर शिरते आणि नद्यांनी आणलेली पोषकद्रव्येही प्लवकांच्या उपयोगी पडतात.

पडताळा घ्यायचा असल्यास निरभ्र दिवशी दुपारी बाराच्या सुमारास होडीतून एक पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडावी आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते तारखेसह लिहून ठेवावे. ओशनसॅट-1 देखील साधारण त्याच वेळी डोक्यावरून जात असे.