मे महिन्यात समुद्राकडे पाठ करा

ढग बघणाऱ्या नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर जाऊन पश्चिमेकडे बघत बसणं. मे महिन्यात खरा खेळ दुपारनंतर पूर्वेला, सह्याद्रीवर रंगतो. एकच ढग निवडा, त्याची कड छपराच्या कोपऱ्याशी जुळवा (माडाची झावळी नको, ती हलते) आणि 5 मिनिटं मान हलवू नका. फुलकोबीसारखे रेखीव कंगोरे असतील तर तो अजून वाढतोय. माथा तंतुमय होऊन ऐरणीसारखा पसरला की वर बर्फ झालं समजा. गडगडाट ऐकू आला तर मात्र सरळ घरात.

पुंजक्यांच्या ढगांसाठी हात लांब करून बोटं धरा: पुंजका करंगळीआड लपला तर उंचावरचा, त्याहून मोठा पण तीन बोटांआड मावणारा असला तर मधल्या थरातला. क्षितिजाजवळ हा हिशेब फसतो.